गणित क्रमांक सतरा

पोलादी रूळ, लांबी बारा मीटर.
हिवाळ्यात तापमान पंधरा अंश, उन्हाळ्यात सत्तेचाळीस.
दोन रुळांमध्ये किमान किती फट ठेवावी?

मे महिना. लाइन गेलेली.
विजेची. दुसरी तर चार वर्षांपूर्वीच गेली,
छोट्या गाडीची.
कूलरच्या टाकीत बोटभर पाणी आणि एक बेडूक.
घामानं वही हाताला चिकटते,
मनगटाखाली जुन्या कॅलेंडरचा कागद ठेवून लिहिते :
अल्फा, एक पूर्णांक दोन, दहाचा उणे पाचवा घात,
गुणिले बारा, गुणिले बत्तीस.
(केल्विनात केलं तरी बत्तीसच. फरक तोच राहतो.)
उत्तर येतं सेहेचाळीस मिलिमीटर.

बा दारात बसलेला, ओला दुपट्टा डोक्यावर.
देवमन खंडारे, चाबीवाला,
एकतीस वर्षं रोज सात किलोमीटर जाणं, सात येणं,
खांद्यावर हातोडा.
"सेहेचाळीस?" त्यानं तीन बोटं जोडून पाहिली.
"एवढ्या फटीत तं बकरीचा खूर अटकते, पोरी.
गाडी राहू दे."

दशांशचिन्ह एक घर सरकवलं.
चार पूर्णांक सहा.
पुस्तकाच्या शेवटी पाहिलं, तेच आहे.
मी खूश.
बा नाही.
"थे सत्तेचाळीस कोनाचं?"
हवेचं, म्हटलं. पेपरात छापून येतं ते.
"हवा म्हंजे रूळ नोय.
दुपारी रूळ पासष्ट जाते. हात ठेवला हाय म्या."
तळहात त्यानं दाखवला नाही.
मला पाठ आहे तो.

पुन्हा मांडलं. पासष्ट वजा पंधरा.
सात पूर्णांक दोन.
पेन्सिलीनं, समासात, बारीक अक्षरात.

घाटोळ सरांना दाखवलं तर म्हणाले,
परीक्षेत पुस्तकातलंच लिही, तीन गुण आहेत.
मग फळ्याकडे वळून, खडूलाच सांगितल्यासारखे,
"वडील बरोबर आहेत तुझे."

पुढचा प्रश्न, दोन गुण :
उष्णता आणि तापमान यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
रोडग्यांच्या आरातून उडालेली ठिणगी
आईच्या मनगटावर पडते, ती झटकतही नाही.
वरणाच्या गंजाला मात्र फडक्याशिवाय हात लावत नाही.
ठिणगी जास्त तापलेली,
गंजात जास्त उष्णता.
सरांनी खाली लाल शाईत लिहिलं : रोडगे कधी?

रूळ अजून तिथेच आहेत.
गाडी नसली तरी रोज दुपारी वाढतात,
रोज रात्री आखडतात,
त्यांना कोणी कळवलेलं नाही.
फिशप्लेटांना काळं ग्रीस लावणारा माणूस
आता घरी बसून माझी गणितं तपासतो.
बोल्ट गंजून धरलेत, फटी मातीनं भरल्यात.
नाल्याच्या पुलाअलीकडे एक जोडी
जागा न मिळून बाजूला वाकली आहे,
चांगली वीतभर.
त्याचं सूत्र अकरावीच्या पुस्तकात नाही.
बा संध्याकाळी तिथवर जातो,
उभा राहतो, पायानं दोन खडे सारतो,
परत येतो. हातोडा नेत नाही.
एकदा मी सोबत गेले, विचारलं, किती बल लागलं असेल?
म्हणाला, "थे तुह्या सरालेच इचार,"
आणि बराच वेळ हसला.

रात्री साडेदहाला छपरावरची टिनं वाजायला लागतात.
टक्.
मग बराच वेळ काही नाही.
टक्, टक्.
बाहेरच्या बाजेवर बा कूस बदलतो,
झोपेतच म्हणतो, "आखडून राह्यलं."
मी अंधारात मोजते.
एका आवाजाला किती मिलिमीटर,
दिलेली माहिती अपुरी.
पत्र्याची लांबी
उद्या शिडी लावून मोजावी लागेल,
सकाळी. सातच्या आत.